खुर्ची कोणाची आणि हिशेब कोणाला?

(करडी, जिल्हा भंडारा, येथें शेतकरी व कारागीर बंधुभगिनींच्या सभेंत झालेलें व्याख्यान)



रोवणी आटोपली आहे आणि कंबर सरळ करण्यास तुम्हांला दोन दिवसांची उसंत मिळाली आहे. अशा वेळीं दंडार किंवा खडी गंमत सोडून तुम्ही व्याख्यान ऐकावयास जमलां, ही कांहीं लहान गोष्ट नव्हे. तुमचा वेळ मी फुकट दवडणार नाहीं. परंतु आजचा विषय ऐकून पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. चिंतामणराव देशमुख, आय. सी. एस.! एवढा मोठा सरकारी अंमलदार, पुढें सबंध देशाच्या बँकेचा मुख्य झालेला. त्याच्या चरित्राशीं बांधींत चिखल तुडविणाऱ्या शेतकऱ्याला आणि मागावर बसणाऱ्या कोष्ट्याला काय करावयाचें, असें तुम्ही म्हणाल.

तर आधीं आपल्या कनवटीची नोट काढून पाहा. तिच्यावर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नराची सही असते. त्या सहीच्या जोरावर तो कागद चालतो. नाहीं तर त्याची किंमत पुडी बांधण्याच्या कागदाइतकीच. गव्हर्नर म्हणून नोटेवर सही करणारा पहिला हिंदी मनुष्य म्हणजे हे चिंतामणराव देशमुख. त्यांच्या आधीं त्या जागेवर दोन गोरे साहेब बसून गेले होते. म्हणजे हा मनुष्य तुमच्या घरीं कधीं आला नाहीं हें खरें, पण त्याची सही तुमच्या आजोबांच्या कनवटीला येऊन गेली आहे.

मी आज त्यांची आरती ओवाळण्यास उभा नाहीं आणि त्यांच्यावर चिखल उडविण्यासहि नाहीं. मला एकच प्रश्न विचारावयाचा आहे. मोठ्या खुर्चीवर जो मनुष्य बसतो, तो हिशेब कोणाला देतो? मनुष्य तोच, त्याची हुशारी तीच, त्याचा प्रामाणिकपणाहि तोच. परंतु हिशेब मागणारा धनी बदलला म्हणजे त्याच हाताचें काम कसें बदलतें, हें या एका माणसाच्या आयुष्यांत स्वच्छ दिसतें. म्हणून त्यांची गोष्ट सांगतों.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजीं कुलाबा जिल्ह्यांत, रायगडच्या परिसरांतील नाते या गांवीं झाला. वडील वकील. घराणें कायस्थ प्रभूंचें, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या लेखणी चालविणारें. १९१२ सालीं मॅट्रिकच्या परीक्षेंत ते पहिले आले आणि संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यांनीं मिळविली. मग विलायतेस जाऊन केंब्रिज येथें त्यांनीं वनस्पतिशास्त्राचा अभ्यास केला, आणि १९१८ सालीं लंडन येथें झालेल्या आय. सी. एस. परीक्षेंतहि पहिला नंबर पटकावला. बुद्धि तल्लख होती, मेहनत कसून केली होती, यांत शंका नाहीं. गुणाला गुण म्हणण्यास आपण कधीं कचरूं नये.

पण येथें क्षणभर थांबा. त्या सालीं ही परीक्षा फक्त लंडनला होत असे. हिंदुस्थानांत ती १९२२ पासून होऊं लागली. म्हणजे अक्कल आणि मेहनत यांच्या जोडीला बोटीचें भाडें, विलायतेंतला राहण्याचा खर्च आणि घरीं पुस्तकांचा वारसा, एवढें सगळें लागे. आपल्या कुणब्याच्या, तेल्याच्या, ढिवराच्या घरांत तितकाच हुशार पोरगा त्याच वर्षीं जन्माला आला नसेल काय? आला असेल. पण तो तेव्हां दुसऱ्याचीं गुरें राखीत होता. घरची बैलजोडी विकली असती तरी त्याला मुंबईचा धक्का दिसला असता, लंडन दिसलें नसतें. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुल्यांनीं हेंच गाऱ्हाणें मांडलें होतें कीं, सरकारी तिजोरी रयतेच्या घामानें भरते आणि तींतला शिक्षणावरचा पैसा वरच्या वर्गांच्या पदरांत पडतो. तेव्हां ज्या शिडीनें चिंतामणराव वर चढले त्या शिडीच्या पायऱ्या कोणाच्या पैशानें घडल्या, हें विसरूं नका. मी हें द्वेषानें सांगत नाहीं. पुढें त्या माणसानें तें ऋण किती फेडलें तें पाहावयाचें आहे, म्हणून सांगतों.

आतां गंमत पाहा. पास झाल्यावर त्यांची नेमणूक झाली ती आपल्याच प्रांतांत. त्या काळीं भंडारा जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडांत होता आणि राजधानी नागपूर होती. या प्रांतांत त्यांनीं अंडर सेक्रेटरी, डेप्युटी कमिशनर, सेटलमेंट ऑफिसर अशीं कामें केलीं, आणि पुढें ते अर्थखात्याचे सेक्रेटरी झाले. यांतलें सेटलमेंटचें काम तुमच्या ओळखीचें आहे. आपले म्हातारे त्याला ‘बंदोबस्त’ म्हणत. साहेबाचा तंबू गांवाबाहेर पडे, साखळीनें शेत मोजलें जाई, जमीन कोणत्या प्रतीची तें ठरे, आणि सारा कायम होई. मालगुजारानें सरकारला किती भरावयाचें आणि कुळानें मालगुजाराला किती द्यावयाचें, तें कागदावर चढे. पुढें पाऊस दगा देवो कीं करपा पडो, कागद हलत नसे.

त्या तंबूंत बसलेला साहेब स्वभावानें कितीहि सज्जन असला तरी त्याच्या वहींत धन्यासाठीं एकच रकाना होता, आणि तो म्हणजे सरकारचें येणें. कुळाच्या मडक्यांत पेरणीपर्यंत दाणा उरतो कीं नाहीं, याचा जाब त्याला विचारणारा कोणी नव्हता. हें पहिलें उत्तर. हिशेब राज्याला, आणि राज्य परक्याचें. ती मालगुजारी ३१ मार्च १९५१ रोजीं गेली. तिचे तलाव मात्र आपल्या जिल्ह्यांत अजून मालगुजारी तलाव म्हणूनच ओळखले जातात. धनी गेला तरी नांव लवकर जात नाहीं, तें असें.

आतां दुसरा अंक. सनदी नोकर कंपनीच्या खुर्चीवर कसा गेला?

रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ रोजीं सुरू झाली. तिची शिफारस १९२६ सालीं हिल्टन यंग कमिशननें केली होती. त्याच कमिशनपुढें डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनीं रुपयाच्या प्रश्नावर साक्ष दिली होती. पैशाचा विचार हा आपल्या लोकांच्या आवांक्याबाहेरचा आहे, असें ज्यांना वाटतें त्यांनीं एवढी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. परंतु बँक निघाली ती सरकारी म्हणून निघाली नाहीं. ती भागीदारांची कंपनी होती. भांडवल पांच कोटी रुपये, एकेक भाग शंभर रुपयांचा. पांच भाग घेणाऱ्याला एक मत, आणि कितीहि भाग असले तरी एका भागीदाराला दहांच्यावर मतें नाहींत. कायदा करणाऱ्यांनीं हें सावधपणेंच केलें होतें. पण मला सांगा, १९३५ सालीं या पंचक्रोशींत एका मतासाठीं पांचशें रुपये मोजणारा शेतकरी कोण होता? धानाला भाव नाहीं, सावकार दारांत बसलेला. देशाची बँक निघाली आणि तिच्या मतदारांच्या यादींत देशाला जेवूं घालणारा नव्हता!

या बँकेंत चिंतामणराव १९३९ सालीं सरकारचे दुवा-अधिकारी म्हणून आले. तीन महिन्यांनीं ते तिच्या मध्यवर्ति मंडळाचे सेक्रेटरी झाले, १९४१ सालीं डेप्युटी गव्हर्नर झाले, आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजीं गव्हर्नर. गव्हर्नर हाच त्या मंडळाचा अध्यक्ष. म्हणजे ज्यानें कालपर्यंत गांवोगांवचा सारा ठरविला तो मनुष्य आतां भागीदारांच्या कंपनीच्या मुख्य खुर्चीवर बसला. हिंदी माणसाला अशी जागा पहिल्यानेंच मिळाली म्हणून देशाला आनंद झाला, आणि होणें रास्तच होतें.

पण साल कोणतें होतें? १९४३. महायुद्ध ऐन भरांत, आणि त्याच वर्षीं बंगालमध्यें लाखों माणसें अन्न-अन्न करीत मेलीं. त्या दिवसांत नोटांचें काय चाललें होतें तें तुम्हांला खळ्यावरच्या भाषेंत सांगतों.

समजा, तुमच्या खळ्यावर एक मातबर पाहुणा आला. त्यानें धान नेलें, बैल नेले, तुमच्या बायकोनें विणलेलें लुगडेंहि नेलें. तुम्हीं पैसे मागितले तेव्हां तो म्हणाला, “माझ्या घरच्या वहींत तुझ्या नांवावर रक्कम मांडून ठेवतों. लढाई संपली म्हणजे ये, पाहूं. तोंवर तुझ्याच दिवाणजीला चिठ्ठ्या लिहावयास सांग आणि त्या गांवांत वाट.” दिवाणजीनें चिठ्ठ्या लिहिल्या. गांवांत माल कमी झाला आणि चिठ्ठ्या वाढल्या. मग जें लुगडें एका चिठ्ठीला येत होतें तें तीन चिठ्ठ्यांना येऊं लागलें. यांत मेला कोण? ज्याच्याजवळ माल सांठविलेला होता तो वांचला. ज्याला रोज विकत घेऊन खावें लागतें तो मजूर, कोष्टी, भूमिहीन, तो मेला.

इंग्रज सरकारनें हेंच केलें. युद्धासाठीं माल येथून गेला, त्याची रक्कम लंडनमध्यें पौंडांत जमा म्हणून मांडली गेली, आणि त्या पौंडांच्या तारणावर येथें नोटा छापल्या गेल्या. युद्धाच्या आरंभीं सुमारें १८० कोटी रुपयांच्या नोटा चालूं होत्या, त्या युद्ध संपतां संपतां १,२०० कोटींच्या घरांत गेल्या. इंग्लंडकडे आपलें येणें सुमारें १३० कोटी पौंड झालें. उघडा-नागडा देश सावकार झाला आणि साम्राज्याचा धनी कुळ झाला! पण असा सावकार जगांत कोणीं पाहिला आहे कीं ज्याची वही कुळाच्या घरांत आणि ज्याचीं पोरें उपाशी?

चिंतामणरावांनीं हें थांबविलें काय? नाहीं. बँकेचा कायदाच असा होता कीं पौंडांचें तारण आलें कीं नोट द्यावयाची. हुकूम दिल्लीचा, दिल्लीला हुकूम लंडनचा. खुर्चीवर हिंदी मनुष्य बसला म्हणून खुर्ची हिंदी झाली नाहीं. बंधूंनो, ही गोष्ट पदराला गांठ मारून ठेवा. आपल्या जातीचा, आपल्या गांवचा, आपल्या भाषेचा मनुष्य वर गेला कीं आपण हार घेऊन धांवतों. धांवा, पण हाराबरोबर एक प्रश्नहि न्या कीं, दादा, तूं आमचा खरा, पण तुझी खुर्ची कोणाची?

तरी दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. १९४४ च्या जुलैंत अमेरिकेंत ब्रेटन वुड्स येथें ४४ राष्ट्रांची परिषद भरली. तेथूनच नाणेनिधि आणि जागतिक बँक निघाली. हिंदुस्थानच्या मंडळांत चिंतामणराव होते, आणि त्या मंडळानें इंग्लंडकडील या येण्याचा प्रश्न सर्व जगासमोर मांडला. तेथें दाद लागली नाहीं. पण ज्या कुळानें पावती जपून ठेवली त्यालाच पुढें चावडीवर भांडतां येतें. स्वराज्य आल्यावर तें येणें हप्त्याहप्त्यानें कामास आलें. त्यांतून धान्य आणि यंत्रें घेतां आलीं. हिशेब चोख ठेवण्याचा हा गुण खरा, आणि तो आपणहि घेण्यासारखा आहे.

दुसरें उत्तर तर झालें. कागदोपत्रीं हिशेब भागीदारांना आणि खरोखरीचा लंडनला.

तिसरा अंक स्वराज्याचा. १ जानेवारी १९४९ रोजीं रिझर्व्ह बँक राष्ट्राची झाली. भागीदारांना शंभरच्या भागामागें ११८ रुपये १० आणे देऊन सरकारनें सगळे भाग घेतले. कोणाचें लुटलें नाहीं, पण मालकी बदलली. त्या दिवशीं खुर्चीवर चिंतामणरावच होते, आणि ३० जून १९४९ पर्यंत राहिले. खुर्ची तीच आणि मनुष्यहि तोच. पण आतां हिशेब लोकसभेला, आणि लोकसभा निवडणार तुम्ही. पांचशें रुपयांचें मत गेलें आणि एका माणसाचें एक मत आलें.

१ जून १९५० रोजीं ते देशाचे अर्थमंत्री झाले. आणि या काळांत जें झालें तें तुमच्या अंगणापर्यंत येऊन पोंचलें. रिझर्व्ह बँकेनें १९५१-५२ सालीं सबंध देशांतल्या खेड्यांच्या कर्जाची पाहणी करविली. ए. डी. गोरवाला या दुसऱ्या एका आय. सी. एस. गृहस्थांच्या समितीनें ती केली. तींत आपले धनंजयराव गाडगीळहि होते. तिचा अहवाल १९५४ सालीं आला. शेतकऱ्यानें काढलेल्या दर शंभर रुपये कर्जांत सहकारी संस्थांचे तीन रुपये, सरकारचे तीन रुपये, आणि सगळ्या व्यापारी बँकांचा मिळून पुरता एक रुपयाहि नाहीं. सावकाराचे किती? सत्तरच्या आसपास! वीस वर्षें देशाची बँक चाललेली, मोठमोठे विद्वान तिच्या मंडळावर बसलेले, आणि खेड्यांत राज्य सावकाराचें तें सावकाराचेंच.

माझ्या आजोबांची गोष्ट सांगतों. आषाढांत बियाण्यासाठीं ते सावकाराकडून एक खंडी धान आणीत आणि मार्गशीर्षांत दीड खंडी घालीत. याला वाढीदिढी म्हणतात, तुम्हांला सांगावयास नको. एका सालीं पीक बुडालें. दीडाची सव्वादोन झाली. पावती कधीं मिळाली नाहीं. मागण्याची हिंमत नव्हती आणि मिळाली असती तरी वाचणारें घरांत कोणी नव्हतें. दोन बांध्या गेल्या त्या अंगठ्यानें गेल्या. अशा घरांची बेरीज केली म्हणजे अहवालांतला तो सत्तरचा आंकडा होतो.

त्या अहवालावरून पुढचें पाऊल पडलें. इंपीरियल बँक ही गोऱ्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या सोयीची जुनी बँक सरकारनें आपल्याकडे घेतली आणि १ जुलै १९५५ रोजीं तिची स्टेट बँक केली. पांच वर्षांत ४०० नव्या शाखा काढाव्या असें कायद्यानेंच बंधन घातलें, आणि तें पाळलें गेलें. पुढच्याच वर्षीं १९ जानेवारी १९५६ रोजीं आयुर्विमा राष्ट्राचा झाला. देशी-विदेशी मिळून २४५ विमा कंपन्या व संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजीं आयुर्विमा महामंडळ उभें राहिलें. विधवेच्या पदरांत पडावयाचा पैसा खाजगी कंपनीच्या मालकानें आपल्या दुसऱ्या धंद्यांत घालावा आणि बुडवावा, हे प्रकार त्याआधीं घडले होते. या दोन्ही गोष्टींच्या वेळीं अर्थमंत्री चिंतामणराव होते. ज्या हातानें एके काळीं कुळाचा सारा ठरविला त्याच हातानें ही सहीहि केली. ऋण फेडलें तें येथें.

परंतु सरकारी झालें म्हणजे सगळें गंगेंत न्हालें, असें मात्र समजूं नका. १९५७ च्या जूनमध्यें, महामंडळाला वर्षहि झालें नव्हतें, तोंच त्यानें हरिदास मुंद्रा नांवाच्या सटोडियाच्या कंपन्यांचे सुमारें सव्वा कोटीचे शेअर घेतले. फिरोज गांधींनीं लोकसभेंत जाब विचारला. न्यायमूर्ति छागलांनीं मुंबईंत उघड्यावर चौकशी केली, आणि १९५८ च्या फेब्रुवारींत अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना जावें लागलें. तेव्हां चिंतामणराव मंत्रिमंडळांत नव्हते. पण धडा आपला आहे. कुंपण सरकारी असलें तरी शेत खाऊं शकतें. त्याला आवर घालतो तो फक्त उघडा हिशेब, आणि तो मागणारा कोणी तरी उभा राहावा लागतो.

मग चिंतामणराव मंत्रिमंडळांतून गेले कां? हा त्यांच्या आयुष्यांतला सर्वांत मोठा प्रसंग. मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्राच्या हातीं ठेवण्याचें दिल्लीनें ठरविलें. मुंबईंत लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी होईना. तेव्हां १९५६ च्या जुलैंत त्यांनीं अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि लोकसभेंत उभें राहून पंतप्रधानांना तोंडावर सांगितलें कीं हा निर्णय मंत्रिमंडळांत रीतसर झालेला नाहीं. तीस-पस्तीस वर्षें हुकूम पाळण्यांत गेलेल्या माणसानें हें केलें. त्या वेळीं आपला भंडारा जिल्हा मध्यप्रदेशांतच होता. १ नोव्हेंबर १९५६ ला तो द्विभाषिक मुंबई राज्यांत आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रांत. त्याआधीं दोनच वर्षें, १९५४ सालीं, याच भंडारा मतदारसंघांतून बाबासाहेब आंबेडकर लोकसभेच्या पोटनिवडणुकीस उभे होते आणि आपण त्यांना निवडून दिलें नाहीं. एकानें भरलेली खुर्ची सोडली आणि दुसऱ्याला आपण खुर्ची दिली नाहीं. दोन्ही गोष्टी मनांत जागत्या ठेवा. मत हातांत असणें निराळें आणि तें ओळखून टाकणें निराळें.

पुढें चिंतामणराव विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष झाले, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरु झाले, १९६९ सालीं राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवून हरले, आणि २ ऑक्टोबर १९८२ रोजीं हैदराबाद येथें वारले. त्याच वर्षीं जुलैंत शेतीच्या कर्जासाठीं नाबार्ड ही निराळी बँक स्थापन झाली होती.

यानंतर सनदी नोकरींतून कंपनीच्या खुर्चीवर जाणें ही पायवाट झाली. १९५६ च्या तुकडीचे आय. ए. एस. अधिकारी रवींद्र चंद्र भार्गव १९८१ सालीं मारुति या मोटार कंपनींत गेले आणि २००७ सालीं तिचे अध्यक्ष झाले. कंपनी सरकारनें काढलेली. १९८२ सालीं जपानच्या सुझुकीचा तींत २६ टक्के वांटा होता, २००२ सालीं निम्म्याच्या वर गेला, आणि २००७ सालीं सरकार त्यांतून पुरतें बाहेर पडलें. मोटारी चांगल्या झाल्या, खप वाढला, हें कोणी नाकारीत नाहीं. पण चाल उलटी आहे, हें पाहा. देशमुखांच्या वेळीं भागीदारांची संस्था लोकांची झाली. येथें लोकांची कंपनी भागीदारांची झाली. एक चाल चांगली आणि दुसरी वाईट, असा निवाडा मी एका दमांत देणार नाहीं. हिशेब मागणारा कोण उरला, एवढेंच मी विचारीन.

आणि हें लांबचें नाहीं. शेजारच्या तुमसर तालुक्यांत चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथें मँगेनीजच्या खाणी आहेत. त्या इंग्रज कंपनीच्या होत्या. १९६२ सालीं सरकारांकडे ५१ टक्के मालकी आली, १९७७ सालीं ती पूर्ण सरकारी झाली, आणि २०१० सालीं तिचे कांहीं शेअर बाजारांत विकले गेले. तिच्या अध्यक्षाची खुर्ची नागपुरांत आहे आणि खड्डा आपल्या जिल्ह्यांत आहे. खाणींत उतरणाऱ्याच्या छातींत किती धूळ जाते, गांवाचें पाणी कसें आहे, हें विचारण्याचा हक्क कायद्यानें तुम्हांला आहे. २००५ च्या माहितीच्या अधिकारानें एक साधा अर्ज करून सरकारी कंपनीला प्रश्न विचारतां येतो. तो अर्ज लिहिणारें एक तरी पोर प्रत्येक घरांत पाहिजे.

आतां शेवटचें, आणि माझ्या मतें सगळ्यांत महत्त्वाचें. तुम्ही म्हणाल, दिल्ली-मुंबईच्या खुर्च्यांना आम्ही काय जाब विचारणार? बरें, ती गोष्ट सोडा. गांवच्या सेवा सहकारी संस्थेची खुर्ची तर तुमच्या दारांत आहे ना? तींत एका सभासदाला एक मत आहे, मग त्याच्याजवळ पन्नास एकर असोत कीं अर्धी बांधी असो. ज्या मतासाठीं १९३५ सालीं पांचशें रुपये लागत होते तें मत येथें तुम्हांला जवळजवळ फुकट मिळालें आहे. आणि आपण त्याचें काय करतों? माझ्या लहानपणीं आमच्याकडे वार्षिक सभेचें रजिस्टर घरपोंच येत असे! वडील खाटेवर बसून अंगठा उठवीत आणि सभा ‘खेळीमेळीनें’ पार पडे. आजोबांचा अंगठा सावकाराच्या कागदावर, वडिलांचा अंगठा संस्थेच्या रजिस्टरावर. काळ बदलला, अंगठा बदलला नाहीं. मग सावकारालाच दोष किती दिवस द्यावयाचा?

म्हणून सभेची नोटीस आली कीं बांधींतलें काम एक दिवस बाजूला ठेवा आणि स्वतः जा. ताळेबंद आधीं मागून घ्या. सभासदाला तो पाहण्याचा कायद्यानें हक्क आहे. वाचतां येत नसेल तर शाळेंत जाणाऱ्या मुलीला बरोबर न्या आणि तिच्याकडून मोठ्यानें वाचून घ्या. किती कर्ज वांटलें, कोणाला वांटलें, वसूल किती झालें, संचालकांच्या घरीं किती अडकलें, हे चार प्रश्न विचारा. पहिल्या वर्षीं लोक हंसतील. दुसऱ्या वर्षीं रागावतील. तिसऱ्या वर्षीं हिशेब तयार ठेवतील.

आणि मुलांना शिकवा. मोठ्या खुर्चीवर आपलें पोर बसावें ही इच्छा वाईट नाहीं. आतां परीक्षा लंडनला होत नाहीं आणि ती मराठींतहि देतां येते. करडीची एखादी लेक उद्यां कलेक्टर झाली, पुढें एखाद्या मोठ्या कंपनीची अध्यक्ष झाली, तर आपण सगळे हार घेऊन वेशीपर्यंत जाऊं. पण ती निघेल त्या दिवशीं तिच्या आईनें तिला एवढें सांगावें कीं बाई, जेथें बसशील तेथें पहिल्यानें वही उघडून पाहा, हिशेबाच्या माथ्यावर नांव कोणाचें लिहिलें आहे. आपलें नसेल तर लिहिण्याचा यत्न कर. आणि लिहूं देत नसतील तर जुलै १९५६ आठवून घरीं परत ये; भात आहे आपल्या घरीं.